तीन लाखांची मंडई : पुण्याच्या जुन्या भाजीबाजाराचे परीक्षण

दिलेल्या पैशांचे चीज झाले का, हा प्रश्न परीक्षणात सहसा शेवटी येतो. पुण्याच्या मंडईबाबत तो इमारत उभी राहण्यापूर्वीच विचारला गेला होता, आणि विचारणारे होते महात्मा जोतीराव फुले. १८७६ पासून काही वर्षे ते पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सदस्य होते. शहरासाठी पक्की मंडई बांधण्याचा प्रस्ताव आला तेव्हा त्यांनी त्याला विरोध केला. एवढी रक्कम इमारतीत घालण्याऐवजी ती गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावी, असे त्यांचे म्हणणे होते. बहुमताने प्रस्ताव मंजूर झाला, सुमारे तीन लाख रुपये खर्चून इमारत उभी राहिली आणि १८८६ मध्ये ती वापरात आली. तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून तिला ‘रे मार्केट’ म्हणत. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने तिला ज्यांनी विरोध केला होता त्याच फुल्यांचे नाव देण्यात आले. या नामकरणातली गंमत पुणेकर चवीने सांगतात. मला मात्र विरोधामागचा हिशेब अधिक मोलाचा वाटतो, कारण तो करणारा माणूस भाजीच्या धंद्याला परका नव्हता. फुल्यांच्या घरी फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय होता, ते स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत, आणि दगडाचुन्यात पैसा कसा मुरतो हे त्यांना सभागृहातल्या बहुतेकांपेक्षा चांगले ठाऊक असणार. म्हणूनच आज मंडईचे परीक्षण करायचे तर केवळ ‘वारसा वास्तू’ म्हणून तिच्याकडे कौतुकाने पाहणे पुरेसे नाही. बाजार म्हणून ती घेणाऱ्याच्या आणि विकणाऱ्याच्या किती उपयोगी पडते, हे पाहिले पाहिजे.

मंडई होण्यापूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात उघड्यावर भरत असे. पक्क्या बाजारासाठी शुक्रवार पेठेतील खासगीवाल्यांच्या बागेची जागा घेण्यात आली. आराखडा कर्नल फिंच यांनी केला आणि बांधकाम वासुदेव बापूजी कानिटकर यांनी केले. काळ्या दगडातली, गॉथिक धाटणीची ही इमारत बाहेरून पाहणाऱ्याच्या नजरेत भरतो तो मधला अष्टकोनी मनोरा. सुमारे ८० फूट उंचीच्या या मनोऱ्याचे छायाचित्र काढून पुष्कळ लोक तिथूनच माघारी फिरतात. ते पाहून वाईट वाटते, कारण या वास्तूचे खरे शहाणपण तिच्या जमिनीवरच्या आखणीत आहे.

मनोऱ्याच्या आठ बाजूंनी चाकाच्या आऱ्यांप्रमाणे लांब पाखे निघतात. प्रत्येक पाख्यावर उतरते छप्पर आहे आणि आत दोन्ही अंगांना गाळे आहेत. मधोमध मनोऱ्याखाली उभे राहिले की सगळे पाखे नजरेच्या टप्प्यात येतात. कुठे काय मांडले आहे याचा अंदाज थोड्या वेळात येतो आणि एका पाख्यात भाव पटला नाही, तर मागे फिरून पुन्हा मध्यावर येऊन दुसऱ्या पाख्यात शिरता येते. सरळ लांबलचक गल्लीच्या बाजारात पहिल्या दुकानाचा भाव शेवटच्या दुकानापर्यंत लक्षात ठेवून परत चालत यावे लागते आणि बहुतेक गिऱ्हाईक तेवढे कष्ट घेत नाही. इथे ती पायपीट आराखड्यानेच वाचवली आहे. शिवाय विक्रेते एकमेकांच्या नजरेसमोर बसलेले असल्यामुळे भाव फार लपून राहत नाहीत. भाव सांगण्यापूर्वी विक्रेता शेजारच्या गाळ्याकडे एक कटाक्ष टाकतो, हे थोडे लक्ष दिले तर दिसते.

गाळ्याची रचनाही मुद्दाम पाहण्यासारखी आहे. विक्रेता उंच ओट्यावर बसतो, त्याच्याभोवती आणि पुढे उतरत्या पायऱ्यांवर भाजी रचलेली असते, आणि गिऱ्हाईक खाली उभे असते. त्यामुळे माल जमिनीपासून वर राहतो, गिऱ्हाइकाला वाकावे लागत नाही, आणि विक्रेत्याला जागेवरून न उठता हात लांबवून काटा, पैशांचा गल्ला आणि मालाचा ढीग या तिन्हींपर्यंत पोहोचता येते. भाजी रचण्याची कला आजही इथे टिकून आहे. टोमॅटोचे देठ एका दिशेला, गाजरांची टोके बाहेर, काकड्यांची आडवी चळत, हिरव्या मिरचीचा ढीग आणि त्याच्या शेजारी मुद्दाम ठेवलेली पिवळी लिंबे, अशी मांडणी करायला सकाळचा बराच वेळ जात असणार. सामान्य गिऱ्हाइकाने तिच्याकडे थोडे सावधपणेही पाहावे. आत उजेड बेताचा असतो, गाळ्यांवर दिवे लटकत असतात, आणि दिव्याखाली वांगे जसे तुकतुकीत दिसते तसे ते घरच्या ओट्यावर दिसेलच असे नाही. पालेभाजीची जुडी हातात घेऊन उलटी करावी, देठाचे कापलेले टोक पाहावे आणि मग भाव विचारावा. विक्रेत्यांना याचा राग येत नाही. राग येतो तो टोमॅटो दाबून पाहण्याचा.

मंडईची जी गोष्ट मला सर्वांत मौल्यवान वाटते, ती कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही. इथे भाजी पदार्थाच्या हिशेबाने विकली जाते. अळू मागितले की ओट्यावरच्या मावशी लगेच विचारतात, “वडीला पाहिजे का भाजीला?” वडीच्या अळूची पाने मोठी आणि काळसर देठाची असतात, फतफत्याच्या अळूची पाने मऊ आणि हिरव्या देठाची असतात, आणि हा फरक न कळल्यामुळे घसा खवखवलेल्या नवशिक्यांची संख्या कमी नसावी. वांगी म्हटले की भरताची, भरल्या वांग्यांची की काप करण्याची, हा प्रश्न आलाच. मिरची ठेच्याची वेगळी, भज्यांची वेगळी, सांडगी मिरची भरण्याची वेगळी. फळांच्या गाळ्यांवर हीच चौकशी दिवसांच्या हिशेबाने होते. पपई किंवा चिकू घेताना, “आज खायचेत की परवा?” असे विचारले जाते आणि उत्तराप्रमाणे निरनिराळ्या ढिगांतून फळे निवडली जातात. आंब्याच्या दिवसांत तर चांगला विक्रेता डझनभर आंबे तीन अवस्थांत निवडून देतो, म्हणजे घरी आढी लावायला जागा नसलेल्या सदनिकेतल्या माणसालाही आठवडाभर रोज एक-दोन तयार फळे मिळतात. ही सेवा आहे आणि तिचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत. दहा मिनिटांत घरपोच भाजी देणाऱ्या ॲपवर ‘वांगी, ५००ग्रॅम’ एवढाच पर्याय असतो. ती कशासाठी हवीत हे सांगायला तिथे समोर कोणी नसते. मंडईला एकेकाळी ‘मंडई विद्यापीठ’ असे थट्टेने म्हणत, ते तिथल्या चोख, बिनधास्त भाषेवरून आणि व्यवहारज्ञानावरून. भाजी ओळखण्याच्या बाबतीत तरी ती पदवी आजही मान्य करायला हरकत नाही.

ऋतूंचा हिशेब इथे अजून जिवंत आहे. बाराही महिने फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची मिळते, ब्रोकोली आणि झुकिनीचेही गाळे आहेत. पण मंडईत जायचे ते या भाज्यांसाठी नव्हे. थंडीत पुरंदरकडचा मटार येतो, ओली हळद आणि आंबेहळद येते, चाकवत, चुका आणि करडईच्या जुड्या दिसू लागतात, हुरडा येतो. संक्रांतीच्या आधी भोगीच्या भाजीचे सगळे घटक, म्हणजे वालपापडी, पावटा, हरभऱ्याचे घाटे, गाजर, बोरे आणि उसाचे तुकडे, एकाच फेरीत मिळतात, आणि मिसळीच्या भाजीचा तयार वाटाही मिळतो. उन्हाळ्याच्या शेवटी लोणच्याच्या कैऱ्या आल्या की त्या मोठ्या अडकित्त्यावर फोडून देणारी माणसे बसतात. घरच्या विळीवर कोय कापण्याचा प्रयत्न ज्यांनी केला आहे, त्यांना या सेवेची किंमत सांगायला नको. पावसाळ्याच्या मध्यावर सणांची रांग लागते आणि बाजाराचे रूप पालटते. मंगळागौरीची आणि गणपतीची पत्री, केवड्याची पाने, केळीचे खुंट, मोदकांखाली घालायची हळदीची पाने, ऋषिपंचमीच्या भाजीसाठीचा माठ, सुरण, भेंडी, पडवळ आणि मक्याची कणसे, हे सर्व या परिसरात इतक्या प्रमाणात येते, की उपनगरातल्या भाजीवाल्याकडे ‘संपली’ म्हणून सांगितलेली वस्तू इथे हमखास सापडते. पुरंदरच्या अंजिरांसाठी आणि सीताफळांसाठीही मी इतर कुठे जाण्यापेक्षा इथे येणे पसंत करतो, कारण ही दोन्ही फळे नाजूक आहेत, ती हाताळूनच घ्यावी लागतात.

आता भावाविषयी. मंडई स्वस्त आहे, अशी समजूत बाळगून जाणाऱ्याची निराशा होऊ शकते. शहराचा घाऊक बाजार फार पूर्वीच गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला. मंडईत बसणारा विक्रेता पहाटे तिथून माल उचलतो, तो वाहून आणतो, निवडतो, धुतो आणि रचतो. त्या सगळ्याची किंमत भावात असते आणि ती असलीच पाहिजे. रोजच्या कांद्या-बटाट्यांसाठी आठवडी शेतकरी बाजार किंवा मार्केट यार्ड कधीही परवडेल. मंडईत फायदा होतो तो दर्जात आणि निवडीत. घासाघिशीची रीतही समजून घ्यावी. सकाळी भवानी व्हायच्या आधी फार ताणून धरणे विक्रेत्याला आवडत नाही, मात्र पहिल्या गिऱ्हाइकाला तो रिकाम्या हाताने परतही जाऊ देत नाही. दुपारी भाव स्थिर असतो. संध्याकाळी उशिरा पालेभाजी उतरते, कारण ती दुसऱ्या दिवशी उभी राहत नाही. त्या वेळी जुड्यांचे वाटे निम्म्या किमतीला मिळू शकतात, पण निवडायला फारसे उरलेले नसते. एकाच गाळ्यावर तीन-चार जिनसा घेतल्या तर शेवटी कढीलिंब, कोथिंबिरीच्या काड्या किंवा आल्याचा तुकडा न मागता पिशवीत पडतो. पैसे देण्याची अडचण आता राहिलेली नाही. जुन्या काट्याशेजारी यूपीआयचा चौकोनी फलक उभा असतो आणि रक्कम जमा झाल्याचा आवाज ऐकून आजीबाईही मान हलवतात. तरीही थोडी सुटी नाणी जवळ ठेवावीत, कारण पत्री, लिंबे आणि विड्याची पाने विकणाऱ्या बाहेरच्या बायकांपैकी सगळ्यांकडे ही सोय असतेच असे नाही.

मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटशी तुलना मनात येतेच. तेही एकोणिसाव्या शतकातले, विल्यम एमर्सन यांनी आखलेले आणि १८६९ मध्ये पूर्ण झालेले, आणि योगायोगाने त्यालाही आता महात्मा जोतिबा फुले यांचेच नाव आहे. प्रवेशद्वारावरची लॉकवुड किपलिंग यांची शेतकऱ्यांची शिल्पे पाहण्यासाठी तिथे जरूर जावे. शोभेच्या बाबतीत पुण्याची मंडई त्याच्या जवळपासही येत नाही. पण क्रॉफर्ड मार्केटमध्ये फळांबरोबर परदेशी चॉकलेटे, सौंदर्यप्रसाधने आणि पार्टीचे सामान यांनी बरीच जागा घेतली आहे, आणि तिथे शिरणाऱ्याला आपण नेमके काय घ्यायला आलो हे काही काळ आठवेनासे होते. पुण्याची मंडई अजून भाजी आणि फळांशी एकनिष्ठ आहे. इतर सर्व खरेदी तिने तुळशीबागेवर, बोहरी आळीवर आणि रविवार पेठेवर सोपवून दिली आहे, आणि ती सगळी ठिकाणे चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही.

उणिवा लपवण्यात अर्थ नाही. आतली फरशी पाणी मारल्यामुळे बऱ्याचदा ओली असते, तीवर पालेभाजीचा पाचोळा पडलेला असतो, आणि पावसाळ्यात गुळगुळीत तळव्यांची पादत्राणे घालून येणे धोक्याचे आहे. वयस्कर माणसांना टेकायला जागा सापडणे कठीण आहे. डोक्यावर पाटी घेतलेला हमाल मागून ‘बाजू, बाजू’ करत आला की अरुंद वाटेत अंग चोरून उभे राहावे लागते. लहान मूल कडेवर असेल तर गर्दीची वेळ टाळलेलीच बरी. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्या माणसाला आत मोकळेपणाने फिरता येईल असे मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. इमारतीभोवतालच्या रस्त्यांवर दुचाक्या, रिक्षा, टेंपो आणि पथारीवाले यांची दाटी इतकी असते, की दगडी वास्तूचा एखादा पूर्ण दर्शनी भाग मोकळा दिसण्यासाठी भल्या सकाळी यावे लागते. वास्तूच्या इतिहासाची माहिती देणारा, मराठीत नीट लिहिलेला आणि सहज दिसेल असा फलक असता तर बाहेरगावच्या पाहुण्यांची सोय झाली असती. सोबतच्या पुणेकराने जे सांगितले तेच खरे मानून त्यांना जावे लागते, आणि पुणेकर जे सांगतो ते आत्मविश्वासाने सांगतो, एवढीच त्याची खात्री देता येते.

चारचाकी घेऊन येण्याचा विचार शक्यतो सोडून द्यावा. मंडईजवळ बहुमजली वाहनतळ आहेत, पण त्यांच्या दारापर्यंत पोहोचण्यातच मनुष्य थकतो. पूर्वी याला इलाज नव्हता. सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंतचा भुयारी मेट्रो मार्ग सुरू झाल्यापासून मात्र मंडई याच नावाचे स्थानक हाताशी आले आहे. पिंपरी-चिंचवडकडून थेट येता येते, वनाज किंवा रामवाडीकडून येणाऱ्याला जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलावी लागते. भरलेल्या पिशव्या घेऊन परतीचा प्रवास बसून करता येणे, ही जुन्या मंडईला मिळालेली गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत मोठी सोय म्हणावी लागेल. माझ्या ओळखीची अनेक माणसे पार्किंगच्या त्रासापायी इकडे फिरकेनाशी झाली होती. त्यांतली काही आता पुन्हा दिसू लागली आहेत.

बाजारासमोरच्या लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापाशी दोन मिनिटे थांबावे. १९२४ मध्ये मोतीलाल नेहरू यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले, आणि अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतींची विसर्जन मिरवणूक याच पुतळ्यापासून निघते. अखिल मंडई मंडळाचा शारदा-गजानन इथलाच. त्याची परंपरा १८९४ पासूनची आहे, आणि शारदेसह बसलेली ही मूर्ती शहरातल्या सर्वांत देखण्या मूर्तींपैकी एक आहे, असे माझे मत आहे. भाजी विकणाऱ्यांच्या वस्तीने स्वतःचा गणपती इतक्या दिमाखात सांभाळावा, यात या बाजाराच्या सामाजिक वजनाचाही अंदाज येतो.

फुल्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ धजत नाही. त्या काळी तीन लाखांत किती शाळा चालल्या असत्या याचा विचार केला, तर त्यांचा विरोध आजही चुकीचा वाटत नाही. पण झालेल्या खर्चातून काय मिळाले, एवढे सांगता येते. जवळजवळ एकशे चाळीस वर्षे भाजी विकणाऱ्यांच्या डोक्यावर छप्पर राहिले आहे, बसण्याची जागा ठरलेली आहे, आणि वास्तू ज्या कामासाठी बांधली त्याच कामासाठी आजही वापरात आहे. पुण्यातल्या त्या काळच्या फार थोड्या सार्वजनिक इमारतींबद्दल असे म्हणता येईल.

प्रथमच जाणाऱ्याने साधा दिवस निवडावा, सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास पोहोचावे, कारण तोवर गाळे लागलेले असतात आणि गर्दी वाढलेली नसते. दोन मजबूत कापडी पिशव्या न्याव्यात, एक फळांसाठी आणि एक भाजीसाठी. प्रथम मनोऱ्याखालून सर्व पाख्यांत एक रिकामी फेरी मारावी, भाव ऐकावेत, आणि मग जड जिनसा आधी व पालेभाजी शेवटी अशा क्रमाने खरेदी करावी. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत मात्र आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात आणि संध्याकाळनंतर देखावे पाहणाऱ्यांचे लोंढे येतात. त्या दिवसांत भाजी सकाळीच घेऊन टाकावी.